हिरवा त्रिकोण आणि बावखलातलं पाणी

शेतीऔषधाच्या बाटलीवर एक तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. आमच्या निर्मळकडच्या वाड्यांमध्ये औषध घेताना बहुतेकजण तेवढंच बघतात. ‘हिरवं आहे, काही होत नाही,’ म्हणत पंप पाठीवर चढतो. माझी नोकरी चाचणी प्रयोगशाळेत मासे, गांडुळं आणि मधमाश्या मोजण्यात गेली, म्हणून या रंगाबद्दल जरा सांगते.

तो रंग माणसाच्या जिवासाठी आहे आणि ठरतो उंदरांवरच्या चाचणीतून. निम्मे उंदीर मरायला वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत औषध पुरलं तर लाल, ५,००० मिलिग्रॅमहून जास्त लागलं तर हिरवा. मासा, मधमाशी या हिशेबात नाहीत. अळीवर मारतात ते क्लोरअँट्रानिलिप्रोल हिरव्या त्रिकोणाचं. पण डॅफ्निया नावाचा पाण्यातला बारीकसा जीव घ्या, ज्याच्यावर माशांची पिल्लं पोसतात. लिटरमागे साधारण १२ मायक्रोग्रॅम औषधात दोन दिवसांत निम्मे डॅफ्निया निपचित पडतात.

मासा-मधमाशीचा हिशेब होतो नोंदणीच्या वेळी. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. आज फरीदाबादच्या नोंदणी समितीकडून मंजुरी मिळाल्याशिवाय औषध विकता येत नाही. चाचण्या समिती करत नाही. कंपनी त्या करून घेते आणि अहवाल जोडते.

माशांची चाचणी ९६ तासांची. टाक्यांमध्ये औषधाचं प्रमाण चढत जातं, एका टाकीत नुसतं पाणी. रोज ठरल्या वेळी बघायचं. निपचित माशाच्या शेपटीपाशी काचेची कांडी हलकेच लावायची. हालचाल नसेल तर मेलेला धरायचा. साध्या पाण्यातलेच दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले तर सगळी चाचणी बाद. मधमाशीला गुंगी देऊन पाठीवर औषधाचा एक मायक्रोलिटर थेंब ठेवायचा, आणि ४८ तास मोजत राहायचं. गांडुळांना औषध मिसळलेल्या मातीत १४ दिवस.

यातून कळतं औषध किती जहाल आहे ते. धोका ठरवायला दुसरा आकडा लागतो: प्रत्यक्षात त्या जिवापर्यंत किती पोचेल? त्यासाठी औषध मातीत किती दिवसांत निम्मं होतं, गाळाला चिकटतं की पाण्याबरोबर खाली उतरतं, हे तपासतात. मग पोचणाऱ्या प्रमाणाला निम्मे जीव मारणाऱ्या प्रमाणाने भागायचं. अमेरिकेत पाण्यातल्या जिवांसाठी हा भागाकार ०.५ च्या वर गेला की चिंतेचं कारण मानतात.

हाच भागाकार आपल्या बावखलावर, म्हणजे वाडीतल्या साठलेल्या पाण्याच्या तळ्यावर, करून बघू. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी मीटरभर खोल, म्हणजे तीन लाख लिटर पाणी. सायपरमेथ्रिन २५ ईसी या कीटकनाशकाचे (त्यात मूळ औषध २५ टक्के) ४ मिलिलिटर, म्हणजे चमचाभरही नाही, त्यात गेले तर मूळ औषध एक ग्रॅम. लिटरमागे ३.३ मायक्रोग्रॅम. काही जातींच्या माशांना दोन-तीन मायक्रोग्रॅमही पुरतं. भागाकार एकच्या वर! खरं तर सायपरमेथ्रिन चटकन गाळाला आणि शेवाळाला चिकटतं, त्यामुळे पाण्यात उरतं त्याहून कमी. पण बावखल वाहत नाही. गाळ तिथेच राहतो, आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर त्याचाच.

फरीदाबादच्या कागदावर बावखल नसतं. मंजुरी मिळते ती ठरावीक पीक, ठरावीक कीड आणि ठरावीक मात्रेला. कंपन्या साहजिकच कापूस, भात, मिरची अशा मोठ्या पिकांसाठी अर्ज करतात. विड्याच्या पानाच्या किंवा मोगऱ्याच्या वाट्याला फार थोडी औषधं येतात. मग शेजारच्या भाजीवरचंच मोगऱ्यावर मारलं जातं, तेही दोन औषधं एकत्र करून. चाचणी झालेली असते एकेकट्याची. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी, शेतमजूर गेले, तेव्हा कागद आणि शेत यांतलं अंतर सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. ती माणसं होती म्हणून बातमी झाली. बेडूक मेले तर पंचनामा कोण करणार?

तेव्हा मंजुरीचा अर्थ एवढाच घ्यायचा: बाटलीसोबतच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे वापरलं तर धोका पत्करण्याजोगा आहे. ते पत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. दुकानदाराकडून ते मागून घ्या. आपलं पीक त्यात आहे का, मासे-मधमाश्यांबद्दल काय लिहिलंय, ते वाचा. फुलावर मधमाश्या असताना फवारू नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि त्याच पिकावर मारा. पंप मात्र कधीही बावखलाच्या काठावर धुऊ नका. वर मांडलेल्या गणितातले ४ मिलिलिटर नेमके तिथूनच पाण्यात जातात.