मागच्या सीटवरून ऐकू येणारा आवाज

गाडीच्या मागून येणारा आवाज सर्वांत आधी ऐकू येतो तो मागे बसणाऱ्यांना. चालवणाऱ्याच्या पुढ्यात इंजिन असते, काच उघडी असते, बहुधा गाणेही लागलेले असते. मागे अम्मी, दादी आणि लेकरे. "अरे, पाठीमागं काहीतरी वाजतंय," असे दादी म्हणतात आणि पुढून ठरलेले उत्तर येते, "काही नाही दादी, रस्ताच तसला आहे."

रस्ता तसला आहे हे आम्हालाही मान्य. गडमुडशिंगीतून हुपरीकडे निघालो की पावसाळ्यात खड्डे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. पण रस्त्याचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. तीच गाडी उजळाईवाडीजवळ गुळगुळीत महामार्गावर आली आणि तरीही आवाज तसाच राहिला, तर दोष गाडीत आहे.

मिस्त्रीकडे जाण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करा. सैल झालेली स्टेपनी, जॅक, पाना, नीट न अडकलेली मागची सीट, पत्र्यावर आपटणारे सीटबेल्टचे बक्कल, लग्नाहून परत आणलेल्या डेगचीचे झाकण. निम्मी भांडणे इथेच मिटतात. टाकी अर्धी असताना ब्रेक दाबल्यावर येणारी खळखळ पेट्रोलची असते, तिची चिंता नको.

एवढे करूनही आवाज राहिला तर मुलाच्या वहीचे एक पान घ्या. आवाज कोणत्या बाजूने येतो? किती वेगाला? ब्रेक दाबल्यावर, वळताना की गतिरोधकावर? गाडी भरलेली असताना की रिकामी असताना? "गाडी वाजते" एवढेच सांगितले तर मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि बिल आपण भरतो. ऐकण्याचे काम मागे बसलेल्याने करावे; चालवणाऱ्याने मान वळवून ऐकू नये.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते घुमणाऱ्या आवाजाकडे. वेग वाढेल तशी घूंऽऽ अशी घरघर वाढते आणि क्लच दाबून इंजिनचा जोर काढला तरी ती थांबत नाही. अशा वेळी संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. डावीकडच्या लांब वळणावर भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग खराब असते. उजव्या वळणावर वाढला तर डावे. झिजून खडबडीत झालेला टायरही असाच घुमतो, म्हणून मागचे टायर पुढे घालून पाहतात. आवाज पुढे गेला तर दोष टायरचा. बेअरिंगचे सील झिजले की पाण्याचिखलात ग्रीस धुऊन जाते, आणि पाच जणांच्या गाडीत आठ जण बसवल्यानेही बेअरिंगचे आयुष्य कमी होते. हा आवाज महिनोन् महिने सोसणारे लोक आम्ही पाहतो. बेअरिंग टोकाला गेले की चाक तापते, डुलू लागते, जाम होऊ शकते, निखळूही शकते. मागच्या सीटवर मुले असतात.

ब्रेकचे निदान सोपे आहे. अनेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखरते, तो गंज असतो आणि लगेच जातो. दिवसभर लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाजत असेल तर लायनर संपले आहे. आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटात अशी गाडी घालू नये.

खड्ड्यात "धडक्" असा आवाज आला तर शॉकअब्सॉर्बर किंवा त्याचे बुश पाहावेत. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत ती स्थिर झाली पाहिजे. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले तर तो संपला असे समजा. बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत क्लच सोडताना "टक्" वाजले तर क्रॉस पाहून घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच सूर बदलणारी शिट्टी डिफरन्शियलची. गांधीनगरहून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्यांना हे सांगायला नको.

सायलेन्सरचे रबर तुटले तर नुसती खडखड होते. पण आवाज फाटल्यासारखा भसाडा झाला तर नळी फुटलेली असते, आणि त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून चालवताना तो आत ओढला जातो. सगळ्यांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर गाडी थांबवून आधी सर्वांना बाहेर काढा.

सीएनजीच्या गाडीत टाकीचे पट्टे सैल होऊन डिकीत ठकठक होते. ते घरच्या पान्याने आवळत बसू नये. अधिकृत केंद्रातच दाखवावे. टाकीची चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते, तिची तारीखही त्याच वेळी पाहून घ्यावी.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्रींना मागे बसवून एक फेरी मारा. जमल्यास दादींनाही सोबत न्या. कुठे वाजते ते त्या बोटाने दाखवतील.