सणाच्या पहाटे वाजलेली घंटा

उत्सवाच्या दिवशी घंटा वाजते ती माणसे देवाच्या दारी एकत्र यावीत म्हणून. परंतु इ. स. १५७२ च्या ऑगस्ट महिन्याच्या २४ तारखेस, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या पहाटे, पॅरिस नगरीत सेंट जर्मेन लोसेरवा या चर्चची जी घंटा वाजली, ती माणसे मारण्यास प्रारंभ करण्याची खूण ठरली. मारणारे आणि मरणारे एकाच येशू ख्रिस्ताचे भक्त होते. एकच भाषा बोलणारे, पुष्कळदा एकाच गल्लीत राहणारे. सणाच्या पानावर ही परदेशी कथा कशाला, असे कोणी वाचक विचारील. ही कथाच मुळी सणांची आहे, म्हणून.

इ. स. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने रोमच्या धर्मपीठाशी वाद आरंभिला. पुढे मूळचा फ्रेंच असलेल्या जॉन कॅल्व्हिनने जिनिव्हात बसून त्या वादाला शास्त्राची घट्ट बांधणी दिली. फ्रान्समधील त्याच्या अनुयायांस ह्यूगनॉट म्हणत. संतांची आराधना, मूर्ती, पोपचा अधिकार, अशी मतभेदाची यादी लांबलचक आहे. आमची हयात संस्कृत पोथ्या आणि प्राकृत कीर्तन यांच्या सीमेवर गेली. त्यामुळे यांतील भाषेचा वाद आम्हांस विशेष जवळचा वाटतो. कॅथलिकांची उपासना लॅटिनमध्ये चाले. ह्यूगनॉटांनी बायबलमधील स्तोत्रे क्लेमां मारो आणि बेझ या दोघांकरवी फ्रेंचमध्ये आणून चालीवर बसविली. १५६२ पर्यंत ती दीडशेही पूर्ण झाली. त्याआधीच १५५८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या सीन नदीकाठच्या कुरणात हजारो लोक ही स्तोत्रे गात जमले होते. स्वभाषेतील ते सामुदायिक गायन राज्यकर्त्यांस बंडाच्या आरोळीसारखे वाटले.

तरीही पंडितांचा वाद पोथीत राहिला असता. तो रस्त्यावर आला मिरवणुकीमुळे. कॉर्पस क्रिस्ती या सणास कॅथलिक लोक अभिमंत्रित भाकर छत्राखाली मिरवीत नेतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर नव्हेच, तो साक्षात ख्रिस्ताचा देह. मिरवणुकीच्या वाटेवरील प्रत्येक घरधन्याने दर्शनी भिंतीवर उंची वस्त्रे टांगावीत, अशी रीत होती. ह्यूगनॉटाला भाकरीपुढे गुडघे टेकणे म्हणजे मूर्तिपूजेचे पातक वाटे. तो आपली भिंत उघडी ठेवी. सजलेल्या गल्लीत एकच उघडी भिंत किती डोळ्यांत भरते, हे वाचकांस सांगावयास नको.

मग दोन्हीकडून हात उठले. १ मार्च १५६२ च्या रविवारी व्हासी गावी एका कोठारात प्रार्थनेस जमलेल्या ह्यूगनॉटांवर गीझच्या ड्यूकची माणसे तुटून पडली. सुमारे पन्नास जण मेले. त्याच वर्षी ह्यूगनॉटांनी गावोगावच्या चर्चमधील मूर्ती फोडल्या, आणि १५६७ मध्ये नीम शहरात, तेही संत मायकेलच्या सणाच्या सुमारासच, त्यांनी कॅथलिकांची कत्तल केली. १५६२ ते १५९८ या काळात फ्रान्समध्ये आठ धर्मयुद्धे झाली.

यावर उपाय म्हणून एक विवाह योजला गेला. राजमाता कॅथरीन द मेदिची हिची कन्या मार्गरेट कॅथलिक, आणि वर नव्हारचा तरुण राजा हेन्री ह्यूगनॉट. १८ ऑगस्ट १५७२ रोजी नोत्र दाम कॅथीड्रलच्या बाहेर मांडव घालून लग्न लागले. वधू मिस्सेसाठी आत गेली, वर बाहेरच राहिला. लग्नासाठी ह्यूगनॉट सरदार मोठ्या संख्येने पॅरिसमध्ये आले होते. चौथ्या दिवशी त्यांचा पुढारी अॅडमिरल कोलिन्यी यावर गोळी झाडली गेली. तो जखमी झाला, पण वाचला; राजा नववा चार्ल्स त्याच्या समाचारासही गेला. आणि दुसऱ्याच रात्री राजवाड्यात ह्यूगनॉट पुढाऱ्यांना ठार मारण्याचे ठरले. यात कोणाचा किती हात होता, यावर इतिहासकारांचे अद्याप एकमत नाही. कोलिन्यीचा देह खिडकीतून खाली फेकण्यात आला. पुढाऱ्यांपुरते ठरलेले कृत्य घंटा वाजताच सर्व नगराचे झाले. दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या लोकांनी शेजाऱ्यांची दारे फोडली. प्रेते सीन नदीत टाकली. पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसे मेली असावीत. लिआँ, ऑर्लेआँ, रूआँ, बोर्दो, तुलूझ येथे हे लोण ऑक्टोबरपर्यंत पसरत गेले.

एका स्मशानातील काटेरी झुडूप त्या दिवसांत अवेळी फुलल्याची वार्ता उठली, आणि ईश्वराची संमती मिळाली असे मानून लोकांच्या झुंडी ते पाहावयास लोटल्या. रोममध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने ईशस्तवन करविले व पदक पाडले. भाविकपणा माणसाला कोठवर नेऊ शकतो, हे त्या फुलांच्या वार्तेत जितके दिसते तितके आम्हांस प्रेतांच्या आकड्यातही दिसत नाही.

नवरदेव हेन्री मात्र कॅथलिक होण्याचे मान्य करून वाचला, १५७६ मध्ये दरबारातून निसटला आणि पुन्हा आपल्या पंथात गेला. १५८९ मध्ये तोच चौथा हेन्री म्हणून फ्रान्सच्या गादीचा धनी झाला आणि १५९३ मध्ये पुन्हा कॅथलिक झाला. त्याचे हसे पुष्कळांनी केले. परंतु एप्रिल १५९८ मध्ये नान्त येथे त्याने काढलेला हुकूम आम्ही वाचला, तेव्हा हा मनुष्य गल्लीतून चाललेला होता, दरबारातच बसून राहिलेला नव्हता, अशी आमची खात्री पटली. भाकर खरी की देह खरा, यात तो शिरतच नाही. भिंतीवर वस्त्र कोणी टांगावे, हे तो सांगतो. ह्यूगनॉटावर सक्ती नाही. गावच्या अधिकाऱ्याने स्वतः टांगावे, त्याने फक्त टांगू द्यावे, आणि त्याचा खर्चही त्याच्यावर नाही. कॅथलिक सणाच्या दिवशी त्याने दुकान उघडू नये. बंद दाराआड काम केलेच तर त्याचा आवाज वाटसरूस वा शेजाऱ्यास ऐकू जाऊ नये. पण तो काम करतो की नाही हे पाहण्यास शेजाऱ्याने घरात शिरू नये. तो अधिकार न्यायाधिकाऱ्यांचा. दफनभूमी कोठे द्यावी, खटले कोणापुढे चालावेत, तेही त्यात आहे. आणि सर्वांच्या आरंभी, झाल्यागेल्याची आठवण काढून कोणी कोणास हिणवू नये, असे आहे.

समता त्यात नव्हती. खुद्द पॅरिसमध्ये ह्यूगनॉटांस उपासनेची मुभा नव्हती, १६०६ पासून ते नगराबाहेर शारांतों येथे जात. हेन्रीचा १६१० मध्ये एका कॅथलिक माथेफिरूने भर रस्त्यात खून केला. तरी हुकूम उभा होता. तो १६८५ मध्ये चौदाव्या लुईने रद्द केला आणि शारांतोंचे प्रार्थनामंदिर पाडले गेले. (शिवकालात आपल्याकडे येऊन सुरत, गोवळकोंडा पाहून गेलेला जवाहिऱ्या ताव्हर्निए हाही प्रॉटेस्टंटच.) सुमारे दोन लाख माणसे देश सोडून हॉलंड, इंग्लंड, ब्रँडेनबर्ग येथे गेली. त्यांना मायदेशी नागरिक म्हणून कायद्याने पुन्हा ओळख मिळाली ती १७८७ मध्ये.

त्यांच्यातील रेशीम विणणारे लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात स्थायिक झाले. तेथे १७४३ मध्ये त्यांच्या समाजाने बांधलेले एक प्रार्थनागृह अद्याप उभे आहे. १८९८ मध्ये ते ज्यू लोकांचे सिनॅगॉग झाले. १९७६ पासून तेथे मशीद आहे.