मिनिटाला किती शब्द? सेत्स्वाना भाषेची तोंडओळख आणि मोजमापाचा एक घोळ

बोत्स्वाना हे देशाचं नाव आपण भूगोलात वाचलेलं असतं. तिथला एक माणूस म्हणजे मोत्स्वाना, अनेक माणसं म्हणजे बात्स्वाना आणि त्यांची भाषा सेत्स्वाना. मूळ तेच, बदलतं फक्त पुढचं अक्षर. लहान मुलांना ही भाषा दाखवायची तर मी इथूनच सुरुवात करेन. (गंमत म्हणजे ती बोलणारे लोक बोत्स्वानापेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत.)

आता वाक्य बघा. 'मोन्ना ओ आ त्सामाया' म्हणजे पुरुष चालतोय. अनेक असतील तर 'बान्ना बा आ त्सामाया'. नामाच्या सुरुवातीचं 'बा' क्रियापदाआधी परत येतं. आपण 'मुलगा चालतो, मुलगी चालते' अशी जुळणी शब्दाच्या शेवटी करतो, तिथे ती सुरुवातीला होते.

आणि हे छोटे तुकडे ते सुटे लिहितात. संशोधन करणाऱ्याने थांबावं ते इथे. 'के आ खो राता', म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी, वर्तमानकाळाची खूण, तुला, प्रेम करणं: चार शब्द. झुलू ही त्याच बांटू कुळातली भाषा. तिच्यात हेच चार तुकडे जोडून लिहितात, 'न्गियाकुथांडा'. झाला एकच शब्द!

मुलांच्या वाचनाच्या चाचणीत मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजतात. सगळ्या भाषांना एकच आकडा लावला तर झुलू वाचणारं मूल उगाच कच्चं ठरेल, किंवा सेत्स्वाना वाचणाऱ्या मुलाची खरी अडचण झाकली जाईल. म्हणून दक्षिण आफ्रिकेत तिसरीच्या अखेरीस सेत्स्वाना-सोथो गटासाठी ६० आणि झुलू ज्या न्गुनी गटात येते त्यासाठी ३५ शब्द, असे वेगळे निकष ठरवले गेले.

हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. पहिल्या वर्षी मी मराठी आणि हिंदीचे प्रत्येकी शंभर शब्दांचे उतारे 'समान लांबीचे' म्हणून निवडले. आपलं 'मुलांसाठी' एक शब्द, हिंदीतलं 'बच्चों के लिए' तीन. साहजिकच मराठी वाचणारी मुलं हळू निघाली आणि मी त्यावर कारणमीमांसासुद्धा लिहून टाकली! गाइडने एकच प्रश्न विचारला, "शब्द कसे मोजलेस?" मी म्हटलं, "स्पेसवरून." दोन महिन्यांचं काम परत करावं लागलं. आता उतारे अक्षरं मोजून निवडते.