लाकडी जमीन आणि भिंतीलगतची फट

मृगाचा पाऊस सुरू झाला की जुन्या घराचे सागवानी दार चौकटीत अडकू लागते, आणि उन्हाळ्यात तेच दार आपण होऊन मोकळे होते, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांचा असेल. पूर्वी आमच्याकडील गाडीवान ऐन वैशाखात बैलगाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवीत. उन्हाने वाळलेल्या चाकाचे आरे ढिले पडत व लोखंडी धाव निसटू पाहत असे. पाणी प्याले की चाक पुन्हा घट्ट होई. झाड तोडले, फळ्या पाडल्या, रंधा मारला, तरी हवेतील ओलाव्याशी असलेले लाकडाचे नाते तुटत नाही. घरात लाकडी जमीन करू इच्छिणाऱ्याने ही एवढी गोष्ट प्रथम मनात ठसवून घ्यावी.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते वाढते आणि आकसते ते रुंदीत. या स्वभावाचा विचार करूनच थरांचे लाकूड निघाले. बाजारात त्यास ‘इंजिनीअर्ड वुड’ म्हणतात. त्यात पातळ थर एकावर एक असे चिकटवितात की एकाचे तंतू उभे असतील तर दुसऱ्याचे आडवे. एक थर रुंदीला पसरू लागला की शेजारचा त्यास धरून ठेवतो. वरचा थर मात्र साग, ओक अशा चांगल्या लाकडाचा असतो. यामुळे अखंड फळीपेक्षा ही फळी पुष्कळ कमी हलते. ‘कमी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ती मुळीच हलत नाही, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

निवड करताना दुकानदाराकडे फळीचा कापलेला तुकडा मागावा आणि तिची कड पाहावी. एकूण जाडी बहुधा 10 ते 20 मिलिमीटर असते. परंतु खरे मोल वरच्या थराचे. तो 3 ते 4 मिलिमीटर असेल तर काही वर्षांनी जमीन घासून नवी करता येते. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा असेल तर पहिला खोल ओरखडा कायमचा समजावा. ‘लॅमिनेट’ नावाचा जो माल याच्या शेजारी मांडलेला असतो, त्याच्या पृष्ठावर लाकडाचे केवळ छायाचित्र असते. तो स्वस्त आहे, पण लाकूड म्हणून विकत घेऊ नये.

आता जागेविषयी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंगणातून आत येण्याची वाट येथे शहाबादी फरशीच योग्य. ती कर्नाटकातील शहाबादच्या खाणींतून येते, पाण्यास भीत नाही आणि उन्हाळ्यात पायांस गारवा देते. तळमजल्यावर ओल किंवा वाळवी असेल, तर तिचा बंदोबस्त झाल्यावाचून लाकडाचे नाव काढू नये. माडीवरील निजण्याची किंवा वाचनाची खोली मात्र लाकडास उत्तम.

माझी स्वतःची चूक येथे सांगतो. सेवानिवृत्तीनंतर माझ्या पत्नीस गुडघ्यांचा विकार जडला. हिवाळ्यात फरशीचा गारठा तिला सोसवेना. म्हणून निवृत्तीच्या पैशांतून माडीवरील खोलीत थरांच्या लाकडाची जमीन करविली. वैशाखाचे दिवस होते. सुतार म्हणाला, “गुरुजी, भिंतीपाशी करंगळीएवढी फट राहू द्या.” मला ते अव्यवस्थित वाटले. “पैसे मोजून फट कशाला?” असे म्हणून मी फळ्या भिंतीस घट्ट भिडवावयास लावल्या. श्रावणात खोलीच्या मधोमध फळ्या तंबूसारख्या उचलल्या. एका रात्री पत्नी तेथे अडखळून पडली आणि तिचे मनगट मोडले. वर्षानुवर्षे मी मुलांना आगगाडीच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवीत असत हे शिकविले होते. तेथे उष्णता आणि लोखंड, येथे ओलावा आणि लाकूड, एवढाच भेद!

गणित तर चौथीतल्या मुलाचे आहे. बारा फूट रुंदीच्या खोलीत पाच इंची फळ्यांच्या सुमारे तीस ओळी बसतात. पावसाळ्यात प्रत्येक ओळ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाने फुगली, तरी तिसांचे मिळून सहा मिलिमीटर झाले. त्यांना बाजूस जागा नसेल तर त्या वरच उचलणार. त्याच सुतारास बोलावून कडेच्या ओळी कापविल्या. काही दिवसांत जमीन आपसूक खाली बसली.

यास्तव क्रम असा ठेवावा. खाली नवे सिमेंट असेल तर जाडीच्या दर इंचास सुमारे एक महिना या हिशेबाने ते वाळू द्यावे. मग दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. उचलताना खाली दव किंवा काळपट डाग दिसल्यास ओल आहे असे समजून थांबावे. सहा फुटी सरळ पट्टी फिरवून पाहावी. तिच्याखाली 3 मिलिमीटरहून अधिक खळगा असेल तर तो भरून घ्यावा. फळ्यांचे गठ्ठे त्याच खोलीत निदान दोन दिवस आडवे ठेवावेत, म्हणजे तेथील हवा त्यांच्या अंगवळणी पडेल. खाली ओल अडविणारे प्लास्टिक, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर फळ्या. शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत न आणता निदान फूटभर मागेपुढे घ्यावेत. चारही भिंतींशी, तसेच चौकटी व खांब यांच्याशी 10 मिलिमीटर फट ठेवावी. ती झाकणारी स्कर्टिंगची पट्टी भिंतीस ठोकावी, फळीस नव्हे. दाराची खालची कड किती तासावी लागेल, हे आधीच मोजून घ्यावे.

पुढे या जमिनीवर बादलीभर पाणी ओतू नये. घट्ट पिळलेले फडके पुरे. 2016 साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यालेल्या लातूर जिल्ह्यातील गृहिणींना थोडक्या पाण्यात घर स्वच्छ ठेवण्याचे धडे मी काय द्यावे!

माझ्या पत्नीचे मनगट बरे झाले आहे. परंतु हवा पालटली की अजून ठणकते. माडीवर तिच्याकरिता चहा घेऊन जाताना माझी दृष्टी भिंतीलगतच्या पट्टीकडे वळते. तिच्यामागे करंगळीएवढी मोकळी जागा आहे. सुतार ती प्रथमच मागत होता. ती देण्यास मला एक पैसाही पडला नसता.