फियाट विकायची नाही

दारात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असलेल्या घरात एक वाद दर काही महिन्यांनी उकरून निघतो. पासिंगची तारीख जवळ आली, बॅटरी बसली किंवा सोसायटीत पार्किंगच्या जागा नव्याने वाटायच्या ठरल्या की कोणीतरी म्हणतंच, ‘आता काढून टाका ती गाडी.’ हिशेबाने ते चुकीचंही नसतं. उत्तम राखलेल्या गाडीला क्वचित हौशी गिऱ्हाईक भेटतं. बाकी सगळ्यांना बाजार जो भाव सांगतो, तो बहुतेक पत्र्याच्या वजनाचाच असतो. तरीही असंख्य घरांत उत्तर ठरलेलं असतं, विकायची नाही. या नकाराला आपण कौतुकाने किंवा वैतागाने भावनिक गुंतवणूक म्हणतो आणि विषय संपवतो. माझं म्हणणं असं की हा नकार विचारपूर्वक समर्थन करता येईल असा आहे. ही माया नुसत्या मालकीतून किंवा आठवणींतून येत नाही, ती दुरुस्तीतून जडते. गाडी विकताना घर लोखंड विकतंच, शिवाय त्या एका गाडीपुरतं, वर्षानुवर्षं साठलेलं जाणतेपण मोडीत काढतं. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणूनच त्याची किंमत शून्य धरली जाते.

नेहमी दिली जाणारी स्पष्टीकरणं आधी तपासून घेऊ. पहिलं आठवणींचं. याच गाडीतून लग्नाची वरात निघाली, बाळ दवाखान्यातून घरी आलं, मे महिन्यात सगळे कोकणात गेले. हे खरंच आहे, पण आठवणी एसटीच्या आणि रेल्वेच्या प्रवासाच्याही असतात आणि वस्तू गेली तरी फोटोत टिकतात. दुसरं स्पष्टीकरण टंचाईचं. परमिटराजमध्ये गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे मिळालेल्या गाडीचं अप्रूप मोठं. पण नंबर लावून टेलिफोन आणि गॅसही मिळत, आणि त्यांना कोणी असं जपलं नाही. तिसरं स्पष्टीकरण मानसशास्त्राचं, आणि ते जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. कानमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. हातात मग आलेल्यांनी तो विकायला साधारण सात डॉलर मागितले, तर विकत घेऊ पाहणारे तीनच्या आतबाहेर थांबले. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या मनात वाढते, एवढं यातून सिद्ध होतं. पण हा परिणाम काही मिनिटांत होतो आणि कोणत्याही वस्तूला लागू पडतो. तेच एकमेव कारण मानलं तर दहा वर्षं वापरलेल्या प्रत्येक गाडीवर सारखाच जीव जडायला हवा. तसं होत नाही. लोक एकीमागून एक नव्या गाड्या घेतात, जुन्या सहज देऊन टाकतात, आणि तीच माणसं पद्मिनीपाशी अडतात. म्हणजे कारण मालकाच्या मनाइतकंच त्या यंत्राच्या घडणीतही शोधायला हवं.

इतिहास थोडक्यात असा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना काढला. सुरुवात क्रायस्लरच्या सहकार्याने झाली, मग फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ आली, १९६४ पासून ११०० डिलाइट, आणि तीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, बाजार फिरला, आणि २००० च्या सुमाराला पद्मिनीचं उत्पादन थांबलं.

आता मुद्द्याचं. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्येच बंद झालं होतं. आपल्याकडे तोच सांगाडा आणि तेच १०८९ सीसीचं इंजिन पुढची तीन दशकं जवळजवळ तसंच बनत राहिलं. अर्थतज्ज्ञ याला साचलेपण म्हणतात, आणि उद्योगाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण याच साचलेपणाने एक अशी गोष्ट दिली, जी दर चार वर्षांनी मॉडेल बदलणारा उद्योग कधीच देऊ शकत नाही. एकाच यंत्राभोवती दोन-तीन पिढ्यांचं कसब साठत गेलं. १९६५ च्या गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीला १९९० ची गाडी परकी वाटत नसे, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा जे शिकला ते त्याला आयुष्यभर पुरलं. सुटे भागही असेच फिरत राहिले. कुर्ल्याच्या भंगारातून निघालेला भाग नाशिकच्या गाडीत बसतो, पुण्याच्या नाना पेठेत मिळालेला कोल्हापूरला चालतो. गाडी टिकते ती एकट्या मालकाच्या हौसेवर टिकत नाही, तिच्यामागे अशी माणसांची मोठी साखळी असते.

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की आत काय दिसतं ते बघण्यासारखं आहे. चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, इंजिनालाच जोडलेला पेट्रोल पंप, आणि या सगळ्यांच्या मध्ये हात घालता येईल अशी भरपूर मोकळी जागा. दोष इथे दिसतो, ऐकू येतो, नाकाला कळतो. गाडी मिसिंग करायला लागली की डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेजची पाती घालून फट जुळवायची. अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेल्या या फटीवर ठिणगी अवलंबून असते. मग प्लग काढून पाहायचा. त्याचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण जमलंय, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं पडलं असेल तर कमी. कुठलाही संगणक न लावता इंजिनाच्या पोटातली बातमी एवढ्याशा टोकावर वाचता येते. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी अचानक बंद पडली तर त्याचंही कारण समजण्याजोगं आहे. तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी केलेल्या पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. त्यावर उपाय म्हणून पंपावर ओला फडका ठेवायचा आणि थोडा वेळ थांबायचं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अडकला तर बॉनेट उघडून खालचे दांडे हाताने जागेवर सरकवायचे. चोक किती ओढायचा, थंडीत किती आणि पावसात किती, हे मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. ते छापील पुस्तकात मिळत नाही, त्या गाडीबरोबर राहूनच कळतं.

जिव्हाळा जडतो तो इथे, अशी माझी खात्री आहे, आणि तिला आधार आहे. नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की स्वतः जोडलेल्या वस्तूला माणसं तयार वस्तूपेक्षा जास्त किंमत लावतात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. काम अर्धवट राहिलं किंवा जोडलेलं पुन्हा मोडलं, तर तो जिव्हाळा उरत नाही. म्हणजे नुसते कष्ट पुरत नाहीत, कष्टाला यश यावं लागतं. पद्मिनी वारंवार बिघडते हे खरं, पण तिचे बहुतेक बिघाड माणसाच्या हाताने दुरुस्त होतात, आणि प्रत्येक दुरुस्तीने मालक त्या यंत्रात थोडा अधिक मुरतो. नवी गाडी फारशी बिघडत नाही, बिघडली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये अख्खा भाग बदलला जातो. सोयीच्या बाबतीत नवी गाडी निर्विवाद वरचढ आहे. पण तिच्याशी ओळख व्हायला तिने वाव ठेवलेला नाही. बजाज चेतक, बुलेट, अँबेसिडर, घरातलं पायाचं शिलाई मशीन, अशी आपल्याकडे जिवापाड जपलेली यंत्रं आठवून पाहा. ती सगळी उघडता येणारी आहेत. खंडेनवमीला हत्यारांची आणि दसऱ्याला वाहनांची पूजा करून झेंडूचा हार घालणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगायची गरज नाही. कामाच्या वस्तूशी आपलं नातं नुसत्या खरेदी-विक्रीचं नसतं, हे आपण दरवर्षी कृतीने मान्य करत आलो आहोत.

दोन गाड्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घेतली ती १२,००० रुपयांना, आणि त्यातले ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. पत्नी ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती फियाट आज दिल्लीत शास्त्रींच्या स्मारकात उभी आहे. दुसरी अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचे शिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये घेतलेली लाल व्होल्वो पी-१८०० त्यांनी २०१३ मध्ये ३० लाख मैलांपलीकडे नेली, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. त्यांनी कुठलीही जादू केली नव्हती. ठरल्या अंतराला इंजिन ऑइल बदलणं आणि देखभालीचं पुस्तक शब्दशः पाळणं, एवढंच. जीव लावणं म्हणजे रोजच्या व्यवहारात काय करणं, हे या गाडीइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप प्रदूषणाचा. बहुतेक पद्मिनींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त, हे मान्य करायलाच हवं. पण मोजमाप किलोमीटरप्रमाणे व्हायला हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाला हजार किलोमीटर चालणारी पद्मिनी लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं तर शंभर लिटर पेट्रोल, म्हणजे २३० किलो. तेवढंच अंतर अठरा किलोमीटर देणाऱ्या नव्या गाडीने कापलं तर सुमारे १३० किलो. वर्षाची बचत शंभर किलोची. उलट एक नवी गाडी तयार करतानाच, पोलाद वितळवण्यापासून रंग चढवेपर्यंत, अनेक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो पाच टन धरला तरी भरून निघायला पन्नास वर्षं लागतील. टॅक्सीचं गणित अगदी उलटं. वर्षाला तीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हाच फरक दोन वर्षांच्या आतच भरून निघतो. सीएनजीमुळे आकडे बदलतील, दिशा बदलत नाही. म्हणून मुंबईत टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा घातली गेली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, हे दुःखद असलं तरी योग्यच होतं. किमान एक काळीपिवळी पद्मिनी तरी जतन करा ही टॅक्सीचालकांच्या संघटनेची मागणीही तितकीच योग्य होती. रोजच्या धंद्याची गाडी आणि रविवारी सकाळी निघणारी घरची गाडी यांना एकाच मापाने मोजणं मात्र मला अन्यायाचं वाटतं.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, फक्त मर्यादा आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, धडक शोषून घेणारी आजची रचना नाही. अशी गाडी द्रुतगती मार्गावर नेऊ नये, मुलांना शाळेत सोडायला रोज वापरू नये. तिच्यावर प्रेम असणाऱ्यानेच हे आधी पाळायला हवं. जागेचा आक्षेप शहरात खरा आहे. सार्वजनिक रस्त्यावर टायर बसलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ही जपलेली गाडी नव्हे. न विकण्याचा हक्क देखभालीतून मिळतो, आणि देखभाल थांबली की तो संपतो.

या सगळ्यापलीकडे एक कारण आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. आपल्या कायद्यात खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. दिल्लीच्या परिसरात तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचेच आदेश निघाले. दुसरीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट दिली. पंधराव्या वर्षी भंगाराची शिफारस, पन्नासाव्या वर्षी वारशाचा मान. मधली पस्तीस वर्षं गाडी सांभाळायची कोणी? संग्रहालय सांभाळत नाही, सरकार सांभाळत नाही, कंपनी तर आज तिचे सुटे भागही बनवत नाही. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये व्हिंटेज ठरण्याच्या वयाला पोहोचली, १९९५ च्या गाडीला २०४५ उजाडावं लागेल. उद्या ज्याला आपण वारसा म्हणणार आहोत, तो आज फक्त काही घरांच्या हट्टावर टिकून आहे. हा हट्ट सोडला तर पन्नासाव्या वर्षी मान द्यायला काही उरणारच नाही.

म्हणून गाडी न विकायचं ज्यांनी ठरवलंय त्यांना आज सगळ्यात जास्त लक्ष पेट्रोलकडे द्यावं लागणार आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं इंधन जुन्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा लवकर खातं, आणि हवेतलं पाणी धरून ठेवत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवून घ्यावेत, टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नये, आणि दर आठवड्याला गाडी पुरती गरम होईपर्यंत फिरवून आणावी. मालकाच्या पश्चात आरसी वारसाच्या नावावर करायचं काम अनेक घरांत राहून जातं, आणि मग पासिंगच्या वेळी नाइलाजाने गाडी भंगारात जाते. आरटीओचा फॉर्म ३१ त्यासाठीच आहे. आणि जो मिस्त्री आज कानाने टॅपेट जुळवतो, त्याच्याजवळ घरातल्या पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी उभं करावं, पाना हातात देऊन, तो शिकवायला राजी आहे तोवर.