गांज्याचा कायदा मतदारांच्या हाती

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा केल्या, की नागरिकांनीच लिहिलेला प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. 2012च्या नोव्हेंबरमध्ये ‘दुरुस्ती 64’ अशीच आली. गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांचा तिला विरोध होता, तरी सुमारे 55 टक्के मतदारांनी होकार दिला. एकवीस वर्षांवरील व्यक्तीला एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम गांजा बाळगण्याची आणि घरी सहा झाडे लावण्याची मुभा मिळाली. 1 जानेवारी 2014 रोजी परवानाधारक दुकाने उघडली.

समर्थकांचा युक्तिवाद सरळ होता: बंदी असूनही गांजा विकला जातोच, मग तो चोरबाजारात का राहू द्यायचा? परवानाधारक दुकानदार ओळखपत्र तपासतो, मालाची चाचणी करून घेतो, कर भरतो. उत्पादन शुल्कातले दरवर्षीचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या इमारतींसाठी राखायचे, हेही प्रस्तावातच लिहिले होते.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो अटकेचा मुद्दा. गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा जवळपास सारख्याच प्रमाणात ओढत, पण देशभर कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता तिपटीहून अधिक होती. थोड्याशा गांज्यापायी लागलेला गुन्ह्याचा शिक्का नोकरी आणि घर मिळवताना आडवा येतो. हा अन्याय एवढा उघड असताना कायदा बदलायलाच हवा होता.

केंद्रीय कायद्यात मात्र गांजा बेकायदाच राहिला. त्यामुळे तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी सावध राहावे: राज्यात मुभा असली, तरी परदेशी नागरिकाचा व्हिसा त्यापायी धोक्यात येऊ शकतो.