शिरोरेषेचा सैलपणा

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं की पाट्या सुरू होतात. घरगुती जेवण, उकडीचे मोदक, कोकम आगळ, राहण्याची सोय. आता त्यांतल्या पुष्कळशा फ्लेक्सच्या असतात, तरी अक्षर हाताने काढल्यासारखं दिसावं अशी मालकाची इच्छा असते. ती रास्तच आहे. घरी जेवायला बोलावणाऱ्या पाटीला सरकारी नोटिशीचं अक्षर शोभत नाही.

इंग्रजीपुरता हा प्रश्न १९९४ मध्ये सुटला. पडद्यावरच्या एका कार्टून कुत्र्याचं बोलणं टाइम्स न्यू रोमनमध्ये छापलेलं पाहून व्हिन्सेंट कॉनेर अस्वस्थ झाले आणि त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी कॉमिक सॅन्स घडवला. पुढे त्याची खूप टवाळी झाली, पण तो लोकांनी आपलासा केला. रोमन अक्षरं सुटी असतात. एक वाकडं काढलं तरी शेजारचं बिघडत नाही. देवनागरीत ही मुभा नाही, कारण वर शिरोरेषा आहे.

हाताने लिहिताना आपण बहुधा शब्द आधी लिहितो आणि रेघ मागाहून ओढतो. ती चढते, उतरते, कधी मध्येच तुटते. लिहिणाऱ्याचा हात त्या चढउतारातच ओळखू येतो. फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा रेघेचा तुकडा घेऊन येतं, आणि त्याच्या शेजारी कोण येणार हे आधी ठाऊक नसतं. रेघ सलग हवी तर तुकड्यांची टोकं ठरल्या उंचीवर, ठरल्या जाडीतच संपवावी लागतात. सैलपणाला जागा उरते ती मधे.

‘गणपतीपुळे’ हेच नाव घ्या. त्यात ‘प’ दोनदा येतो. पेंटर चपट्या ब्रशने हे नाव काढतो तेव्हा दोन्ही ‘प’ सारखे येत नाहीत. दुसऱ्याला उकार घ्यायचा असतो म्हणून तो जरा वर उचलला जातो, उकाराची शेपटी ‘ळ’खाली सरकते. फाँटमधले दोन्ही ‘प’ मात्र तंतोतंत एक. तेवढ्यानेच हाताचा आभास मोडतो. एकाच अक्षराचे दोन-तीन आकार काढून ते आलटून-पालटून वापरायची सोय आजच्या तंत्रात आहे. पण मात्रा आणि जोडाक्षरं धरली तर हे काम किती वाढतं याची कल्पना करा.

मिरकरवाडा बंदरात होड्यांच्या नाळेवर रंगवलेली नावं पाहावीत. फळी वळलेली असते, म्हणून सरळ रेघ डोळ्याला वाकडी दिसते. रंगवणारा ती मुद्दाम वाकवतो, तेव्हा ती सरळ वाटते. नाटकांच्या शीर्षकांत हीच जाण कमल शेडगे यांनी शिखराला नेली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारखं नाव त्यांनी त्या एका नाटकापुरतंच घडवलं. २०२० मध्ये ते गेले. त्यांचं अक्षर फाँटमध्ये मावणारं नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्याचं मोठेपण.

लिपी आणि यंत्राचा झगडा रत्नागिरीला नवा नाही. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी इथूनच लिपिशुद्धीचा आग्रह धरला. ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी वापरली की छपाईला स्वरांचे वेगळे खिळे लागणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. तेव्हा यंत्रासाठी लिपीने वाकायचं होतं. आता यंत्र वाकायला तयार आहे. बळ लावायचं ते आपण.

सुरुवात चांगली झाली आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा फाँट २०१४ मध्ये आला. बॉलपेनाने भरभर लिहिल्यासारखं तिरकं अक्षर, तीन जाड्या. मुंबईच्या एक टाइपने गुबगुबीत, गोल कोपऱ्यांचा ‘बलू’ केला आणि तो नऊ भारतीय लिप्यांत नेला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुण्याच्या मॉड्यूलर इन्फोटेकचं ‘२३१०’. एरवी रोमनच्या मापाने देवनागरी कापली जाते. इथे उलट झालं: हे देवनागरी अक्षर पायाला धरून सॉर्किन टाइपने त्याच्या जोडीला ‘डेक्को’ या फाँटचं रोमन घडवलं.

तरी पाटी मराठी दिसण्यासाठी आणखी काही लागतं. ‘शहाळं’ लिहिताना देठाचा श, ‘सोलकढी’त पाकळीचा ल, शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हेच आकार सांगितले होते. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ तर हिंदीला लागतच नाही. अनेक फाँटांत हे मराठी आकार दडलेले असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. डीटीपी करणाऱ्याने एवढं केलं तरी निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं इथल्या मुलांनी करावं. सावर्डे आणि देवरूखला कला महाविद्यालयं आहेत. ‘कलम’ आणि ‘बलू’ मुक्त परवान्याचे आहेत. ते उघडून, बदलून, नव्या नावाने वाटता येतात. होड्यांवरच्या अक्षरांचे फोटो काढावेत, रंगवणाऱ्यांशेजारी बसून त्यांचा ब्रश कुठे टेकतो, कुठे उचलतो ते टिपावं, आणि पहिल्यांदा ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘श्री’ काढायला घ्यावेत.